घरचं कोणीतरी

डॉक्टर रागावले नाहीत, तिथेच धाकटीला शंका आली. इतक्या वर्षांत तिच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. या दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे आधी बोलणी खायची आणि मग औषध घ्यायचं, हा तिथला शिरस्ताच होता. ताप अंगावर काढलात, बोलणी. गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात, बोलणी. शेजारणीच्या सांगण्यावरून कसला काढा घेतला असेल तर बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलणी. वस्तीतले लोक त्याला सरावले होते. डॉक्टर ओरडले म्हणजे काळजीचं कारण नाही असंच सगळे धरून चालत, आणि ओरडा खाऊन बाहेर येणाऱ्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्यासारखं हसू असे. आज तर रागवायला भरपूर जागा होती. मागच्या वेळी दिलेल्या गोळ्या धाकटीने घेतल्याच नव्हत्या, आणि ते तिने आपणहून सांगितलंही होतं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "असू दे. होतं असं कधीकधी." मग मोठ्या हॉस्पिटलातून आलेला तिच्या तपासणीचा कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला, त्यावर काचेचा पेपरवेट ठेवला, आणि त्या पेपरवेटकडेच बघत म्हणाले, "पुढच्या वेळी येताना घरचं कोणीतरी बरोबर घेऊन या."

"कशाला?" तिने विचारलं.

"असंच. दोन माणसं असली म्हणजे बरं असतं. घाई काही नाही. पण या आठवड्यात या."

पायऱ्या उतरून ती फुटपाथवर आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. समोरच्या चपलांच्या दुकानात एक बाई एका पायात जुनी आणि एका पायात नवी चप्पल घालून नवऱ्याला दाखवत होती, आणि नवरा म्हणत होता की त्याला दोन्ही सारख्याच दिसतात. धाकटी उगीचच तिथे उभी राहिली. घरचं कोणीतरी. किती साधे शब्द. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलंही नसतं; घरी जाऊन मुलाला म्हटलं असतं, अरे, उद्या जरा दवाखान्यात चल, आणि मुलाने मोबाइलमधून मान वर न काढता हो म्हटलं असतं. घाई नाही, पण या आठवड्यात. धाकटीला या बोलण्याचा अर्थ पुरता ठाऊक होता, कारण ती स्वतःच एकदा घरचं कोणीतरी होऊन त्या खोलीत बसून आली होती. चपला बघणाऱ्या बाईने नवी चप्पल काढून ठेवली आणि जुनीच घालून ती नवऱ्याबरोबर चालू लागली. दोघं काहीतरी कुरकुरत गेली. त्यांच्या मागे धाकटी थोडा वेळ चालत राहिली, आपल्याला दुसऱ्या दिशेला जायचंय हे लक्षात येईपर्यंत.

ताई तिच्याहून बरीच मोठी. इतकी, की घरात हिला नावाने कुणी हाक मारलीच नाही. धाकटी म्हणजे धाकटी, आणि केस पांढरे झाले तरी धाकटीच. ताईचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मुलगा शिकून परदेशात स्थायिक झाला, आणि मग ताई दोन बॅगा आणि एक शिलाई मशीन घेऊन धाकटीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. धाकटीने लग्न केलं नव्हतं. जमलं नाही, आणि न जमल्याचं पुढे तिला स्वतःलाही फारसं काही वाटेनासं झालं. दोघी भांडत. भांडण हाच त्यांचा संसार होता म्हणा ना. खिडकी उघडी ठेवायची की बंद, नळ गळता कुणी ठेवला, चहा पांचट कुणी केला. सकाळी डोळा उघडला की तोंडाचा पट्टा सुरू. खालच्या मजल्यावरचे म्हणत, आम्हाला गजराचं घड्याळ लागत नाही. मग ताईचा घास घशाखाली उतरेना. सुरुवातीला डॉक्टर तिला खूप बोलले, भराभर खाता म्हणून, चावत नाही म्हणून. आणि एक दिवस बोलले नाहीत. "शाळेत पालकांना बोलावतात तसं बोलावलंय गं मला," ताई घरी येऊन म्हणाली, "चल, हो माझी पालक." दवाखान्यापर्यंत दोघी त्यावर हसत गेल्या होत्या. ते हसणं धाकटीला अजून ऐकू येई, आणि ऐकू आलं की मेल्याहून मेल्यासारखं होई.

डॉक्टरांनी ताईला तपासलं आणि म्हणाले, जरा बाहेर जाऊन वजन करून या. काटा बाहेर होता, कंपाउंडरच्या खिडकीशी. ताई गेली, दार लोटलं गेलं, आणि तेवढ्या वेळात डॉक्टरांनी धाकटीला सगळं सांगितलं. रोगाचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, आवाज खाली आणून. वर म्हणाले की त्यांना काही कळू देऊ नका, माणूस रोगाने खचत नाही इतकं रोगाच्या नावाने खचतं. धाकटीने मान हलवली. विचार करायला वेळ होताच कुठे? बाहेरून ताईचा आवाज येत होता. तुमचा काटा खोटारडा आहे, मी एवढी हलकी नाही, असं ती कंपाउंडरला सुनावत होती. ती आत आली तेव्हा डॉक्टर आणि धाकटी दोघंही हसत होती. या दवाखान्यात वजन कशासाठी करतात ते धाकटीला त्या दिवशी कळलं. त्यानंतर बाकावर बसलं की तिची नजर आपोआप काट्याकडे जाई, कोण कुणाला बाहेर पाठवतं ते बघायला. कधी बायको बाहेर येई, कधी म्हातारा बाप, कधी कॉलेजात जाणारी मुलगी. सगळ्या वस्तीचं असंच चाललेलं. ज्याचं दुखणं त्याला सोडून बाकी सगळ्यांना माहीत.

एका दादाला तेवढं ते पटलं नाही. दादा म्हणजे दोघींच्या मधला भाऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, मोजकं बोलणारा. ऐकल्यावर तो इतकंच म्हणाला, "तिचं मरण आहे, तुझं नाही. तिला सांग." धाकटी उसळली. डॉक्टर नको म्हणतात तर तू कोण शहाणा, म्हणाली. पण तो सांगून मोकळा होईल या धास्तीने तिने त्याला ताईजवळ फिरकूच दिलं नाही. आज तिचा डोळा लागलाय, आज तिला बोलायची मनाई आहे, आज पाहुणे आहेत. शेवटी शेवटी तो न कळवता आला, धापा टाकत तीन जिने चढून दारात उभा राहिला, आणि धाकटीने दार अर्धंच उघडलं. आतून ताईने बारीक आवाजात विचारलं, कोण आहे गं? धाकटी म्हणाली, कुणी नाही, पेपरवाला आहे. दादाने ते ऐकलं. तो वळला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. पुन्हा आला तो ताई गेल्यावर, तिला उचलायलाच. तेव्हाही त्याने सगळं केलं, कुठे कसर ठेवली नाही, फक्त धाकटीशी एक अक्षर बोलला नाही. त्यालाही आता वर्षं लोटली. आपण चुकलो असं धाकटीला तेव्हा वाटलं नव्हतं. पुढेही तिने ते कधी पुरतं वाटू दिलं नाही. आता मात्र रस्त्याने चालता चालता पोटात बरगड्यांच्या खाली ती ओळखीची कळ आली, ती एका दुकानाच्या शटरला टेकली, आणि तिच्या मनात आलं, की दादा आज बरोबर असता तर डॉक्टरांनी त्यालाच सांगितलं असतं, आणि दादाने बाहेर पडल्या पडल्या, इथेच, या शटरपाशी, मला सांगून टाकलं असतं.

ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असे. कपडे घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे, कॉलरच्या आत नंबराची चिंधी टाचायची, डाग असेल तिथे खडूने गोल काढायचा आणि विचारायचं, डाग कशाचा? निम्मे लोक सांगत नाहीत. काय माहीत, म्हणतात. कसा पडला कळलंच नाही, म्हणतात. वास्तविक डाग कशाचा ते कळल्याशिवाय तो काढता येत नाही. शाईला लावायचं ते रक्ताला लावलं तर डाग कायमचा बसतो. त्या दिवशी दुपारभर ती काउंटरवर उभी राहिली आणि कुणालाच तिने काही विचारलं नाही. एक बाई फिक्या रंगाचा कोट घेऊन आली, बाहीवर तपकिरी ओघळ होता. धाकटीने मुकाट्याने गोल काढला. मागच्या खोलीतून वाफेचा आवाज येत होता. इस्त्रीवाला नेहमीसारखा आपल्या सासुरवाडीची गाऱ्हाणी गात होता, आणि ओलसर गरम लोकरीचा वास, ज्याच्यात तिने अर्धं आयुष्य काढलं, तो एकाएकी तिला सोसेनासा झाला. तिने मनातल्या मनात माणसं काढून बघितली. मालक? मालक भला माणूस, आला असता; पण डॉक्टरांनी त्याला सांगितल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असतं, तर तिच्या जागी मुलगी बघायला सुरुवात केली असती, आणि तेही तिला कळू नये अशा बेताने. इस्त्रीवाला? तोही आला असता, दोन बस बदलून आला असता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला बातमी. खालच्या मजल्यावरची बाई चार लोकांना विचारून मग ठरवणारी. ताईचा मुलगा? तो महिन्या-दोन महिन्यांनी फोनवर चेहरा दाखवायचा, मावशी, काळजी घे म्हणायचा, मागे त्याची मुलं ओरडत असायची. त्याला एवढ्या लांबून बोलवायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण काय ते तर तिलाच कुणी सांगत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण खरं म्हणजे माणसं नव्हती असंही नाही. तिला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ज्याला डॉक्टर सांगतील ते माणूस त्या क्षणापासून तिच्याशी गोड बोलू लागेल, याची. ते गोड बोलणं काय असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने ते केलं होतं. दवाखान्यातून परत आल्यावर, त्या दिवसापासून, तिने ताईशी भांडणं बंद केलं. तसं ठरवलं नव्हतं. भांडण तोंडातून निघेचना. ताई म्हणाली खिडकी बंद कर, तिने केली. ताई म्हणाली चहा पांचट झालाय, तिने ओतून देऊन दुसरा केला. सूज आहे घशाला, औषधाने उतरेल, असं ती ताईला रोज सांगे, आणि तिचा आवाज असा मऊ होई की तिचा तिलाच परका वाटे. ताईने मुद्दाम खोड्या काढून पाहिल्या. पेला आपटला, दूध सांडलं, धाकटीच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, तिच्या न झालेल्या लग्नावरून नको ते बोलली. धाकटी फक्त हसायची आणि पुसून घ्यायची. एक दिवस ताईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "तू भांडत का नाहीस गं माझ्याशी हल्ली?" धाकटी म्हणाली, वय झालं माझं, दमते मी. ताई पुष्कळ वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने हात सोडला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिने काही सांडलं नाही, आपटलं नाही, नावं ठेवली नाहीत. तीसुद्धा गोड बोलू लागली. तिला कळलं होतं का? हा एकच प्रश्न धाकटी इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपत होती. कळलं असेल तर त्या दोन खोल्यांत त्या दोघींनी, एकमेकींच्या हाताच्या अंतरावर, एकेकटीने काय काय सोसलं? आणि कळलं नसेल, तर ताईने भिंतीकडे बघत कसला विचार केला? आपली बहीण आपल्यावर माया करेनाशी झाली, असा?

रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दादाला फोन लावला. वहिनीने उचलला. वहिनीचा आवाज पूर्वीसारखाच होता, जरा घाईतला, हातात काहीतरी असल्यासारखा. धाकटीने आधी तिची तब्येत विचारली, मग दादाची, मग त्यांच्या मुलीची, मग त्यांच्याकडे अजून पाण्याचा त्रास आहे का ते विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होती, आणि लपवलेलं भांडं वहिनीला दिसतंय हेही तिला कळत होतं. वहिनी म्हणाली की ते आतल्या खोलीत आहेत. बोलावते, असं ती म्हणाली नाही. आत कुणीतरी खाकरलं. धाकटीने तो आवाज ओळखला आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"काही काम होतं का?" वहिनीने विचारलं.

"नाही. सहज केला."

"सहज? तुमची तब्येत बरी आहे ना?"

आता म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, वहिनी, त्यांना म्हणावं, एकदा माझ्याबरोबर दवाखान्यात या. डॉक्टरांनी घरचं कोणीतरी आणायला सांगितलंय. सगळी वाक्यं घशापर्यंत आली. पण त्यांच्यामागून ते अर्धं उघडलेलं दार आलं, आणि कठड्यावरचा त्याचा हात आला, आणि ज्याला आपण पेपरवाला म्हटलं त्याला आता कोणत्या तोंडाने घरचं म्हणायचं, हे तिला सुचेना. "बरी आहे की," ती म्हणाली. "छान आहे." आणि तिला ऐकू आलं की आपला आवाज पुन्हा तसाच मऊ झालाय, ताईशी बोलायची तेव्हा होई तसा. वहिनी म्हणाली, या एकदा. धाकटी म्हणाली, येईन. फोन ठेवल्यावर ती ओट्याशी तशीच उभी राहिली. आता कुणी उरलं नव्हतं. तिला रडूही आलं नाही. नुसतं पोकळ वाटलं, सामान हलवलेल्या खोलीसारखं.

आठवडा संपत आला तेव्हा ती एकटीच गेली. मनाशी वाक्य घोकून ठेवलं होतं. डॉक्टर, माझं घरचं कोणी नाही, जे काय आहे ते मलाच सांगा, मी ऐकून घेईन. डॉक्टर नाही म्हणाले तर खुर्चीतून उठायचंच नाही. संध्याकाळची वेळ, बाकं भरलेली. भिंतीवर दात घासण्याचं चित्र, कोपऱ्यात मोडक्या पायाचं स्टूल, औषधाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. कंपाउंडर खिडकीत बाटलीला लेबल चिकटवत होता. त्याने चष्म्यावरून बघून विचारलं, कोणी आलं नाही बरोबर? येतंय, ती म्हणाली. खोटं बोलायची सवय अशी हाताशी असते. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आली, चाळिशीची असेल, गुबगुबीत, केसात पेन खोचलेलं, नवरा आतच राहिला होता. बाई काट्यावर चढली. कंपाउंडर म्हणाला, हलू नका. बाई हलत नव्हती. काटा कधीच स्थिर झाला होता, धाकटीला बसल्या जागेवरून दिसत होतं, पण कंपाउंडर दाराकडे नजर ठेवून पुन्हा म्हणाला, हलू नका हं, आणि बाई श्वास रोखून, हात अंगाशी चिकटवून, शाळेच्या रांगेत उभी असल्यासारखी उभी राहिली. किती वेळ उभं करून ठेवलं त्यांनी तिला. धाकटीला उठून तिला खाली ओढावंसं वाटलं. बाई, उतरा, आत जा, दार ढकला, तुमच्याबद्दल बोलतायत ते. पण ती उठली नाही. बाकावरचं कुणीच उठलं नाही. सगळे दुसरीकडे बघत होते.

तिची पाळी आली. आत डॉक्टर नव्हतेच. त्यांच्या खुर्चीत त्यांची सून बसली होती. ती नव्याने बसू लागल्याचं धाकटीने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तरुण, नीटनेटकी, दिवसभर माणसं तपासून दमलेली. तिच्यापुढे तो कागद होता, आता सुलटा, आणि त्याला वर एक चिठ्ठी टाचलेली. सुनेने चिठ्ठी वाचली, कागदावरचं नाव वाचलं. धाकटीचं ते नाव, जे बँकेत आणि मतदानालाच काय ते उच्चारलं जायचं, ते या खोलीत कुणा तिऱ्हाईताचं वाटलं. सुनेने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि ती सरळ चालत आलेली, नीट कपडे घातलेली बाई पाहून तिने जे समजायचं ते समजून घेतलं. "बसा ना," ती म्हणाली. "सासऱ्यांनी सांगून ठेवलंय, यांच्या घरचं कोणी आलं तर बोलून घे म्हणून. तुम्ही त्यांच्या कोण?"

मीच ती, असं म्हणायला धाकटीने तोंड उघडलं. आणि म्हणाली, "बहीण."

"पेशंट नाही ना आल्या बरोबर?"

"घरी आहे."

"ते बरंच झालं," सून म्हणाली, आणि दाराकडे बघून तिने खुर्ची पुढे ओढली. मग ती बोलू लागली. सासऱ्यांपेक्षा सरळ बोलत होती, आवाज खाली न आणता. गाठ स्वादुपिंडात आहे. तिथून ती यकृतावर गेली आहे, एका ठिकाणी नाही, पुष्कळ ठिकाणी. ऑपरेशनचा काही उपयोग नाही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचंही तेच मत आहे. धाकटी ऐकत होती. तिला नवल वाटत होतं की आपण किती नीट ऐकतो आहोत, मान कशी वेळेवर हलते आहे. त्या घरी असलेल्या बाईची तिला दया येत होती. बिचारी आत्ता काय करत असेल, खिडकीशी बसली असेल, तिला यातलं काही ठाऊक नाही. तिने विचारलं, दुखेल का तिला? सून म्हणाली, हो, दुखेल, पण दुखणं दाबायची औषधं आहेत, ती आम्ही देऊ, त्याची काळजी करू नका. तिने विचारलं, किती दिवस? सून म्हणाली, दिवसांचं कुणी सांगू नये, पण वर्षाच्या गोष्टी करू नका. मग सुनेने विचारलं, घरी त्यांच्याजवळ कोण असतं?

"मी असते," धाकटी म्हणाली.

"आणखी कोणी?"

"नाही. मीच."

"तुम्ही खंबीर दिसता, म्हणून इतकं स्पष्ट बोलले. त्यांना एकटं ठेवू नका. भाग्य त्यांचं, की तुम्ही आहात. कितीजण असे येतात की त्यांचं कोणीच नसतं."

धाकटीने टेबलाची कड धरली. काचेखाली कुठल्यातरी औषध कंपनीचं चित्र होतं, हिरव्या डोंगरांचं. "तिला सांगू का?" तिने विचारलं.

"कशाला? सासरे तर मुळीच सांगू देत नाहीत. मलाही वाटतं, काय उपयोग?"

"पण तिने विचारलं तर?"

सून पहिल्यांदाच थोडी हसली, थकल्यासारखी. "विचारत नाहीत हो. मी अजून कुणी विचारलेलं पाहिलं नाही. त्यांना कळलेलंच असतं. घरच्यांच्या वागण्यावरून कळतं. घरच्यांना त्रास नको म्हणून तेही दाखवत नाहीत."

धाकटी उठली. तिने सुनेला नमस्कार केला, औषधाची चिठ्ठी घेतली, दार लोटून बाहेर आली. बाकं अजून भरलेली होती. कंपाउंडर कुणाशी तरी बोलत होता. दवाखान्याच्या मागच्या बाजूला बोळात एक नळ होता. ताईच्या वेळी ती दर खेपेला डॉक्टरांशी बोलून झालं की औषध आणते सांगून तिथे येई, तोंड धुई, आणि डोळ्यांची लाली उतरेपर्यंत थांबून मगच ताईसमोर जाई. आताही तिची पावलं तिकडेच गेली. कळलं होतं. ताईला सगळं कळलं होतं, आणि ती बोलली नव्हती, धाकटीला त्रास नको म्हणून. धाकटी नळाखाली वाकली आणि रडली, आवाज न करता, पाणी वाहतं ठेवून. मग तिने तोंडावर पाणी मारलं, रुमालाने पुसलं, केस कानामागे सारले, आणि ओठ हलवून हळूच म्हणून पाहिलं, काही नाही गं, सूज आहे, औषधाने उतरेल. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा आवाज नीट निघाला, मऊ, खरा वाटेल असा. ती निघाली, बोळाच्या तोंडाशी आली, आणि तिच्या लक्षात आलं की हे सांगायला घरी कोणी नाही. जिच्यापासून लपवायचं ती सगळं ऐकून इथेच उभी होती, ओल्या तोंडाने. तिला खोटं सांगायलाही आता कोणी नव्हतं.